पहिला रेकॉर्ड जातो, दुसऱ्याला बोर्ड झोपतो

मायक्रोकंट्रोलर बोर्डवर पहिला रेकॉर्ड फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) नीट गेला, दुसऱ्याला बोर्ड हँग, आणि तोच लॉजिक लॅपटॉपवर मात्र मस्त चालतो, असं होत असेल तर वायरिंग तपासत बसू नका. मी बसलो होतो, दोन रात्री, इथे इंदूरला पळसीकर कॉलनीत, टेंपरेचर लॉगर मांडीवर घेऊन, आई म्हणे झोप आता, सकाळी पोहे खाऊन बघ, आणि खरंच सकाळीच सापडलं.

चिप एसटीएम32जी0, म्हणजे आत कॉर्टेक्स-एम0 प्लस हा प्रोसेसर कोर. रेकॉर्ड 13 बाइटचा, म्हणून दुसरा सुरू होतो 13 या पत्त्यावर. 13 ला 4 ने भाग जात नाही, आणि हा कोर तसल्या पत्त्यावर 32 बिटचं वाचन-लिखाण करतच नाही, सरळ हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोग्राम तिथेच अडकतो. इंटेलचा प्रोसेसर गुपचूप चालवून घेतो म्हणून लॅपटॉपवर कळत नाही.

आधी कोडमधली चुकीची ओळ शोधा. या कोरमध्ये कारण सांगणारं फॉल्ट रजिस्टर नाहीच, तेव्हा हार्डफॉल्ट हँडलरच्या पहिल्याच इन्स्ट्रक्शनवर थांबा, स्टॅकवरचा सातवा वर्ड म्हणजे पीसी (प्रोग्राम काउंटर, फॉल्ट झाला तिथला पत्ता), तो ॲडर2लाइनला द्या, हे टूल पत्त्यावरून कोडची ओळ सांगतं. बहुतेक बाइट बफरचा पॉइंटर 64 बिट डेटाच्या पॉइंटरमध्ये कास्ट केलेला (जबरदस्तीने प्रकार बदललेला) सापडेल. कास्ट काढा, 64 बिटचं लोकल व्हेरिएबल घ्या, त्यात मेमकॉपीने (बाइट कॉपी करणाऱ्या सी फंक्शनने) 8 बाइट भरा. सोर्स पॉइंटर मात्र बाइटचाच ठेवा हं, आधी कास्ट करून मग मेमकॉपी केली तर कंपायलर पत्ता अलाइन्डच (म्हणजे योग्य पटीत बसणारा) धरतो आणि पुन्हा तेच.

एवढ्याने अर्धंच काम होतं. फ्लॅश लिहिली जाते 8-8 बाइटने, त्यामुळे तिथला पत्ताही 8 च्या पटीत लागतो. पत्ता नुसता 4 च्या पटीत असेल तर क्रॅशसुद्धा होत नाही, पीजीए एरर (पत्ता अलाइन्ड नसल्याचा) फ्लॅग लागतो, एचएएल ही चिपची लायब्ररी एरर परत करते आणि आपण रिटर्न व्हॅल्यू बघतोच कुठे! म्हणून लांबीत 7 मिळवा, खालचे 3 बिट शून्य करा, 13 चे 16 होतात, उरलेले 3 बाइट एफएफने (सगळे बिट 1) भरा. त्या 3 बाइटमध्ये पुढे काही घुसवायचा मोह नको, ईसीसीमुळे (चूक दुरुस्त करणाऱ्या जादा बिटांमुळे) तो 8 बाइटचा डबलवर्ड इरेज केल्याशिवाय पुन्हा लिहिता येत नाही (सगळे शून्य सोडून).

स्ट्रक्टला पॅक्ड (मेंबरमध्ये मोकळी जागा न सोडणारा शब्द) लावून सुटेल असं वाटतं, पण त्यातल्या मेंबरचा पत्ता दुसऱ्या फंक्शनला दिला की पुन्हा तीच बोंब, जीसीसी कंपायलर आवृत्ती 9 पासून वॉर्निंग देतो, ती वाचा.

लॅपटॉपवरच्या टेस्टना सॅनिटायझरचा (चालताना चुका पकडणाऱ्या कंपायलर सोयीचा) अलाइनमेंटवाला फ्लॅग लावा. आणि नवा फर्मवेअर टाकण्याआधी जुन्या रेकॉर्डचं फ्लॅश पेज इरेज करा, मी विसरलो होतो.