मे महिन्यातली १० किलोमीटरची रेस: या चुका टाळा

"दहाच किलोमीटर तर आहे काका, तासाभराचा खेळ." हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकतो आणि बोलणारा बहुतेक वेळा सात-आठ किलोमीटरला दुभाजकावर डोकं धरून बसलेला सापडतो. मी नागपूरचा, बरीच वर्षं पळतोय, आता मे महिन्यात पळण्यापेक्षा पाण्याच्या टेबलामागे उभा राहणं जास्त आवडतं, त्यामुळे हे सगळं अगदी जवळून बघायला मिळतं. राजेहो, दर वर्षी त्याच चुका.

पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे अंतर कमी आहे तर ऊनही कमी लागेल असं समजणं. खरं तर उलटं आहे. अंगात उष्णता किती तयार होते ते तुम्ही किती जोरात पळता यावर ठरतं. स्नायू जी ऊर्जा जाळतात त्यातली साधारण तीन चतुर्थांश नुसती उष्णता होते, पळायला कामी येतो तो उरलेला भाग. मॅरेथॉनमध्ये माणूस जरा जपून पळतो, पाच-दहा किलोमीटरमध्ये पहिल्या मिनिटापासून जीव काढतो आणि इंजिन तापतं. अमेरिकेत फालमथला ऑगस्टमध्ये सात मैलांची, म्हणजे सव्वाअकरा किलोमीटरची रेस असते. १९७८ साली तिथे अल्बर्टो सालाझार हा अमेरिकेचा नावाजलेला धावपटू कोसळला, अंगाचं तापमान ४२ डिग्री, बर्फाच्या पाण्यात ठेवला आणि पाद्र्याने शेवटची प्रार्थनासुद्धा उरकली. वाचला म्हणून बरं, १९८० मध्ये त्यानेच न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. एवढ्या तयारीच्या माणसाची ही गत, तर तीन आठवड्यांपूर्वी शूज घेतलेल्यांनी काय तो विचार करावा.

माझी सवय सांगतो, शास्त्र नाही. वेळ दिसूच नये म्हणून मी घड्याळावर चिकटपट्टी लावतो. पहिले तीन किलोमीटर शेजारच्याशी गप्पा मारता येतील एवढाच वेग, आणि जानेवारीच्या टायमिंगमध्ये दर किलोमीटरला ३०-४० सेकंद आधीच जोडून ठेवलेले. पीबी, म्हणजे स्वतःचं सगळ्यात चांगलं टायमिंग, थंडीत करा ना, डिसेंबर कुठे पळून चाललाय?

दुसरी चूक महिनाभर आधी होते. एप्रिलभर एसी जिममध्ये ट्रेडमिलवर पळायचं, रात्री कूलरसमोर झोपायचं आणि रेसच्या दिवशी एकदम उन्हात उतरायचं. अंगाला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, त्यानंतर घाम लवकर सुटतो, त्यात मीठ कमी जातं, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. मी रेसच्या दोन आठवडे आधीपासून सकाळी साडेसातला चार-पाच किलोमीटर रमतगमत पळतो. "काका, चार दिवसांत नाही का होणार?" नाही होणार. कैरीसुद्धा चार दिवसांत मुरत नाही.

आणि तो झुंबा! मे महिन्यात नागपुरात साडेपाचलाच सूर्य वर येतो, रेसची वेळ सहाची, पाहुणे येतात साडेसहाला, तोवर स्टेजवरून झुंबा आणि सगळे उड्या मारतायत. म्हणजे सुरुवातीच्या आधीच अंग तापवून मोकळे. मी ओला दुपट्टा मानेला गुंडाळून झाडाखाली बसतो, लोक हसतात, हसू दे.

आता तो किस्सा, ज्यामुळे हे लिहायला बसलो. आठव्या किलोमीटरला मी उभा होतो, चोविशीतला एक पोरगा तिरपा तिरपा चालत आला. बिब, म्हणजे छातीवर लावलेला रेसचा कागद, त्यावरचा नंबर विचारला तर भलताच सांगितला. "मी ठीक आहो काका, फिनिश कुठं आहे?" म्हणत उलट्या दिशेला निघाला आणि पडला. लगेच गर्दी. एकाने नाकाला कांदा लावला, दुसरा अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात इलेक्ट्रॉल ओतायला निघाला, तिसरा म्हणे, "घाम येऊन राहिला ना, मग ऊन नाही लागलं." हीच ती घोडचूक. पळताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. ओळखायचं बोलण्या-वागण्यावरून. अंगाला हात लावला तर तवा. नशिबाने समोर रसवंतीवाल्याकडे गोणपाटातली बर्फाची लादी उतरत होती, ती दगडाने फोडली, पाण्याचे दोन जार अंगावर रिकामे केले, ओल्या दुपट्ट्यात बर्फ बांधून मान, काखा, जांघा, सगळीकडे. एकाने १०८ ला फोन लावला. एक गृहस्थ ओरडत होते, गाडीत टाका आधी, दवाखान्यात न्या. मी ऐकलं नाही. अशा वेळी आधी गार करायचं, मग हलवायचं, कारण पहिल्या अर्ध्या तासातच काय ते ठरतं. टब असेल तर गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात, नसेल तर हे. तापाच्या गोळीचा इथे काही उपयोग नाही. पोरगा वाचला, त्याला सहाव्या किलोमीटरनंतरचं काही आठवत नाही, मला मात्र सगळं आठवतं.

पाण्याचं थोडक्यात: प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास ढोसू नका, अति साध्या पाण्याने रक्तातलं मीठ पातळ होतं तेही धोक्याचं. रेसआधी आणि नंतर वजन करा, वजन वाढलं असेल तर जास्त प्यायलात. मी दोन घोट पितो, बाकी डोक्यावर.

मुंबईकरांसाठी: आमच्याकडे घाम दिसत नाही कारण तो लगेच उडतो, येत नाही असं नाही. तुमच्याकडे तो नुसता गळतो, उडत नाही, म्हणून ३३ डिग्रीतही तुम्ही उकडून निघता.

जाड सुती टी-शर्ट नको. रेसआधी पेनकिलर तर अजिबात नको, किडनीची वाट लागते. आदल्या दिवशी ताप किंवा जुलाब असतील तर बिब कपाटात ठेवा, मेडल पुढच्या वर्षीही मिळतं. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, जेवताना कामी येईल.

आणि फिनिश लाइन ओलांडली की सेल्फीसाठी खांबासारखे उभे राहू नका, पायात रक्त साचतं आणि चक्कर येते. दहा मिनिटं चालत राहा. चक्कर आलीच पण बोलणं नीट असेल तर आडवं होऊन पाय वर, तेवढ्याने बहुतेक जण उठून पोह्यांच्या रांगेत लागतात. बोलणं भलतंच असेल तर बर्फ शोधा.