साठीनंतर पायांतली ताकद कशी टिकवावी

‘रोज तासभर चालतो, आणखी वेगळा व्यायाम कशाला?’ असं बरेच ज्येष्ठ म्हणतात. चालणं हृदयासाठी चांगलंच. पण वयाबरोबर झिजणाऱ्या स्नायूंना ओझं लागतं, तेही हळूहळू वाढत जाणारं. ते नुसत्या चालण्यातून मिळत नाही.

आधी अंदाज घ्या. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसा, हात छातीशी घ्या आणि पाच वेळा उठा-बसा. शेजारी कुणीतरी असू द्या. १५ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर ताकद कमी झाल्याची शंका घ्यावी. छातीत दुखणं, चक्कर, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर हे करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता हीच खुर्ची व्यायामाची. पाय खांद्यांइतके फाकवा, थोडं पुढे झुका, श्वास सोडत उठा. बसताना मात्र धप्पकन बसू नका. मनात तीन आकडे मोजत खाली या. खरी मेहनत तिथेच होते. असं ८ ते १२ वेळा करा, दोनेक मिनिटं थांबा, पुन्हा एकदा करा. उठवतच नसेल तर आसनावर जाड उशी ठेवा.

जोडीला भिंतीवर हात टेकून दंड काढा आणि आधार धरून टाचा उचला. आठवड्यातून किमान दोन दिवस पुरतात, मध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

बहुतेकांचं घोडं अडतं ते पुढच्या पायरीवर. बारा वेळा सहज जमू लागलं की उशी काढा, मग हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या. प्रत्येक फेरीत शेवटच्या दोन उठा-बशा जड गेल्याच पाहिजेत. ‘या वयात कुठे’ म्हणणाऱ्यांसाठी सांगतो: १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ८६ ते ९६ वर्षांच्या मंडळींनी आठ आठवडे वजनं उचलली आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली.

प्रथिनंही हवीत: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम, तीनही जेवणांत वाटून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

स्नायू एक-दोन दिवस ठणकले तर चालेल; सांध्यात कळ आली तर थांबा. आजारपणात अंथरुणाला खिळलात तर ताकद झपाट्याने उतरते, म्हणून बरं झाल्यावर पुन्हा उशीपासून सुरुवात करा.