‘आत्ता “नाही” लिहू, मग मागू’: अमेरिकेत एड (आर्थिक मदत) मागताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जात फायनान्शिअल एड हवी का, असा प्रश्न येतो आणि आपल्याकडे ठरलेला सल्ला मिळतो: ‘आत्ता “नाही” लिही, ॲडमिशन झाली की मागू.’ कान किटले ऐकून.

भीती खोटी नाही. स्टॅनफर्ड, कॉर्नेल, पेन (पेन्सिल्व्हेनिया) ही विद्यापीठं परदेशी मुलांसाठी ‘नीड-अवेअर’ आहेत, म्हणजे प्रवेश देताना एड मागितली का, हे बघतात. एडचा पैसा मोजका, म्हणून मागणाऱ्याचा अर्ज जास्त बारीक चाळणीतून जातो. पण स्टॅनफर्डचा पुढचा नियम कुणी वाचत नाही: प्रवेशाच्या वेळी एड मागितली नाही, तर परदेशी विद्यार्थ्याला ती चारही वर्षं मिळत नाही.

कोथरूडची एक मुलगी माझ्याकडे आली ती थेट एप्रिलमध्ये. हातात एका बड्या कॉलेजचं ॲडमिशन लेटर, वडील सरकारी नोकरीत, खर्च वर्षाला सत्तर लाखांच्या वर. अर्जात काकांच्या सल्ल्यानं ‘नाही’. फॉर्म १६ जोडून विनवणीचा मेल केला. उत्तर दोन ओळींचं, नियमात बसत नाही. व्हिसासाठी कॉलेज जो आय-२० फॉर्म देतं, त्याला बँकेचं सर्टिफिकेट लागतं, तिथे गाडी अडलीच. सीट सोडली. सीईटीच्या फॉर्मची मुदतही तोवर गेलेली. काकांचं पुढे काही म्हणणं नव्हतं.

म्हणून मी आधी आईवडिलांना बसवतो आणि वर्षाला किती झेपेल तो आकडा कागदावर लिहून घेतो. कॉलेजांची यादी नंतर. पैसे लागणार असतील तर ‘हो’च लिहायचं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ इथे परदेशी मुलांनाही एड मागितल्यानं प्रवेशात फरक पडत नाही. अर्थात तिथे प्रवेश मिळणंच महाकठीण, त्यामुळे नुसती तीच नावं लिहून स्वस्थ बसणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. मेरिट स्कॉलरशिप देणारी साधी कॉलेजंही यादीत हवीत.

अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज, बंधनकारक असतं: प्रवेश मिळाला की तिथेच जायचं. चार ठिकाणच्या एडची तुलना करायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यानं फॅफ्सा, म्हणजे अमेरिकन सरकारच्या एडचा फॉर्म, भरण्यात रात्र घालवू नये, तो त्याच्यासाठी नाहीच. मात्र न्यू जर्सीत जन्मून पुण्यात वाढलेलं पोर अमेरिकन नागरिक असेल, तर त्यानं तो जरूर भरावा. स्टॅनफर्डही त्याच्यासाठी नीड-ब्लाइंड, म्हणजे प्रवेश देताना एड मागितली का हे बघत नाही.

आणि सीएसएस प्रोफाइलमध्ये, म्हणजे बरीच कॉलेजं एडसाठी भरून घेतात त्या ऑनलाइन फॉर्ममध्ये, भारतातलं उत्पन्न रुपयांतच भरा. घाईघाईत डॉलर करून भरलंत, तर पंधरा लाखांची कमाई तिथे जेमतेम काही हजार रुपये दिसते, आणि मग आयटीआरशी मेळ घालत बसा.