बारावीनंतर दृश्यकला आणि डिझाइन : ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी तयारीची यादी

तयारीची यादी बहुतेक घरांत खरेदीपासून सुरू होते. मुलाने किंवा मुलीने चित्रकला वा डिझाइन शिकायचे ठरवले की पहिल्याच रविवारी पेन्सिलींचा संच, रंगांच्या बाटल्या आणि मोठा फलक घरात येतो. ज्याला सर्वाधिक वेळ लागणार असतो ते मात्र दिवाळीनंतर पाहू म्हणून मागे राहते. म्हणून ही यादी उलट क्रमाने लावली आहे. ज्याला वर्ष लागते ते आधी, ज्याला काही आठवडे लागतात ते मग, आणि ज्याला एक संध्याकाळ पुरते ते सर्वांत शेवटी.

पहिली नोंद परीक्षा निवडण्याची आहे. राज्यातील महाविद्यालयांत रेखा व रंगकला, शिल्पकला, उपयोजित कला (जाहिरात, अक्षरलेखन यांसारखी व्यावसायिक कला) अशा शाखांत चार वर्षांची बी.एफ.ए. (ललित कलेची) पदवी घ्यायची असेल, तर राज्य सीईटी कक्षाची कला शाखेची प्रवेश परीक्षा (कला सीईटी) द्यावी लागते. तिच्यात वस्तुचित्र (समोर मांडलेल्या वस्तूंचे), संकल्पचित्र (आकार व रंगांची रचना) आणि स्मरणचित्र (आठवणीतून काढलेले दृश्य) अशा तीन प्रात्यक्षिक प्रश्नपत्रिका आणि जोडीला सामान्यज्ञानाची एक परीक्षा असते. डिझाइनमधील पदवीसाठी मुंबई आयआयटी जानेवारीत ‘यूसीड’ ही प्रवेश परीक्षा घेते. तिच्यात दोन तास संगणकावर आणि एक तास कागदावर काम करायचे असते, आणि संगणकावरील भागात ठरावीक पातळी गाठली नाही तर कागदावरचे रेखाटन तपासलेच जात नाही. ही परीक्षा सलग दोन वर्षांत जास्तीत जास्त दोनदाच देता येते, त्यामुळे बारावीच्या वर्षी ‘सहज बसून पाहू’ म्हणून ती देण्याआधी थोडा विचार करावा. खारघरला जिचे केंद्र आहे त्या ‘निफ्ट’ या फॅशन शिक्षण संस्थेची आणि अहमदाबादच्या ‘एनआयडी’ या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा पुन्हा निराळी आहे, तेथे पुढच्या टप्प्यावर हाती दिलेल्या साहित्यातून प्रत्यक्ष काही घडवून दाखवावे लागते. एकच विद्यार्थी या सर्व परीक्षांना बसू शकतो. एकाच सरावावर त्या सर्व निभावतील असे मात्र समजू नये. कला सीईटी हाताची सफाई आणि मांडणी पाहते, तर यूसीडला सुबक छायांकनापेक्षा घन वस्तू मनात फिरवून पाहण्याची क्षमता आणि अडचण ओळखून तिच्यावर सुचवलेला उपाय अधिक मोलाचा वाटतो. यांपैकी आपली मुख्य परीक्षा कोणती हे जूनमध्येच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

शाळेत इंटरमिजिएट दिलेल्यांसाठी येथे एक शब्द सांगितला पाहिजे. कला संचालनालयाच्या त्या शासकीय रेखाकला परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हे विषय असतातच, त्यामुळे ओळख नवी नसते. पण नववीत मिळालेली ‘अ’ श्रेणी बारावीपर्यंत हातात शिल्लक राहत नाही. मधली तीन वर्षे पेन्सिल धरली नसेल तर पहिल्या आठवड्यातच ते जाणवते, आणि जाणवलेले बरे.

वर्षभर चालणाऱ्या कामांत वस्तुचित्राला पहिला मान द्यावा. त्यासाठी वेगळे काही विकत आणण्याची गरज नाही. स्वयंपाकघरातील तांब्या, स्टीलचा डबा, एखादे मडके, दोन कांदे आणि खाली पसरलेला टॉवेल पुरतो. नवख्याची सर्वांत ठळक चूक लंबवर्तुळात होते. तांब्याच्या तोंडाचा आणि बुडाचा आकार एकसारखा काढला जातो. वास्तविक डोळ्यांच्या पातळीजवळचे तोंड चपटे दिसते आणि त्याहून खाली असलेल्या बुडाची गोलाई अधिक उघडलेली दिसते. बूड सरळ रेषेत कापून टाकले तर भांडे जमिनीवर बसत नाही, तरंगते. दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. स्टीलवर काळे-पांढरे पट्टे कडक कडांनी शेजारी शेजारी बसतात, तर मडक्यावर उजेडाकडून अंधाराकडे जाणे सावकाश होते. दोन्हींना एकच बोटाने पुसलेली छटा देणारा विद्यार्थी तपासनीसाला लगेच ओळखू येतो. आठवड्यातून किमान दोनदा घड्याळ लावून दीड तासात चित्र संपवावे, आणि त्यातील पहिली दहा मिनिटे केवळ कागदावर वस्तूंची जागा ठरवण्यात घालवावीत. ती वाया जातात असे वाटते, पण जात नाहीत.

स्मरणचित्राच्या तयारीला आपल्या शहरांइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल. हा विषय घरात बसून, संदर्भचित्रे उतरवून तयार होत नाही. माणसे पाहावी लागतात. जांभळी नाक्याच्या बाजारात वाकून भाजी निवडणारी बाई, तलावपाळीच्या कठड्यावर पाय सोडून बसलेले कुटुंब, वाशीच्या घाऊक बाजारात पोते पाठीवर तोललेला हमाल, ठाणे स्थानकाच्या पुलावर एकमेकांना चुकवत उतरणारी गर्दी, यांतील प्रत्येक दृश्यात शरीराचा तोल वेगळा आहे आणि परीक्षेतील विषयही बहुधा बाजार, बसथांबा, सण, स्थानक अशांभोवतीच फिरतात. खिशात मावेल एवढी वही ठेवावी आणि एका आकृतीला दोन मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. चेहरे काढण्याच्या मोहात पडू नये. पोत्याखालचा गुडघा किती वाकतो हे कळले तर चेहरा नसला तरी हमाल उभा राहतो. पूर्ण उभ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट धरण्याचा संकेत पाठ ठेवावा, आणि लहान मुलांना मात्र तो लावू नये, नाहीतर मूल बुटक्या माणसासारखे दिसते.

यथार्थदर्शनाच्या, म्हणजे सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याच्या, सरावासाठी एखादा रविवार सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला द्यावा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात आखलेल्या या वसाहतीत लहान लहान अंगणांभोवती सुमारे सात-सात घरांचे पुंजके केलेले आहेत आणि शेजाऱ्याची भिंत सामाईक नसल्याने प्रत्येक कुटुंबाला आपले घर वाढवता यावे असा हेतू होता. उतरती छपरे, पायऱ्या आणि अंगणाची खोली काढताना रेषा कोठे मिळतात ते समजते. नंतरच्या काळात रहिवाशांनी मूळ घरांत केलेले बदल पाहिले, की आराखडा करणारा आणि वापरणारा यांच्यातील संबंधही दिसतो, आणि यूसीडची तयारी करणाऱ्याला तो दिसणे आवश्यक आहे.

संकल्पचित्राबद्दल थोडक्यात. दिलेल्या चौकटीत आकारांची रचना, मोकळी जागा आणि मोजकी रंगसंगती या तीन गोष्टी जमल्या की पुरते. पोस्टर रंग सपाट आणि डागविरहित बसायला तो ताकाहून दाट आणि दह्याहून पातळ असावा लागतो. हे प्रमाण हाताला महिन्याभरात कळते, सांगून कळत नाही. उपयोजित कलेकडे जाणाऱ्यांनी देवनागरी अक्षरांकडे स्वतंत्र लक्ष द्यावे. वृत्तपत्रांतील मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी केलेली शीर्षके पाहावीत. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणात कसा उतरतो याचा त्याहून चांगला पाठ घरबसल्या मिळणार नाही.

सामान्यज्ञानासाठी जाडजूड प्रश्नसंच पाठ करण्यापेक्षा आपल्या प्रदेशाच्या कलेचा एक धागा धरावा. १८५७ साली सुरू झालेले सर ज. जी. कलाविद्यालय, तेथील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या केलेल्या प्रतिकृती, त्याच विद्यालयात शिकून पुढे तेथेच शिकवणारे म. वि. धुरंधर, आणि १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांनी स्थापन केलेला प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप एवढे सलग समजले तर बाकीची नावे त्यांच्या आजूबाजूला बसवता येतात. मध्य रेल्वेवर राहणाऱ्यांना भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय सोपे पडते, आणि जहांगीर कलादालनात तर प्रवेशाला पैसे लागत नाहीत.

आता काही आठवडे खाणारी नोंद, म्हणजे कागदपत्रे. अधिवासाचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र यांची जुळवाजुळव निकालानंतर करू नये, कारण त्याच दिवसांत सगळ्यांचीच धावपळ असते. नवी मुंबईकरांची येथे नेहमी एक गल्लत होते. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात आणि ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे आणि कळंबोली मात्र रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात आहेत. अर्ज करताना चुकीचा तालुका निवडला तर फेऱ्या वाढतात. आधार, दहावी-बारावीची गुणपत्रिका आणि दाखल्यांवरील नावांची वर्णरचना एकच आहे ना, हेही पडताळावे. आईचे नाव वा आडनाव एका अक्षराने वेगळे असणे ही वाटते तितकी दुर्मीळ गोष्ट नाही.

शेवटची नोंद पिशवीची, आणि तिला एक संध्याकाळ पुरते. एचबी, २बी, ४बी आणि ६बी पेन्सिली आदल्या रात्री चाकूने तासून ठेवाव्यात, खोडरबर मऊ असावा, सपाट आणि गोल असे दोन-तीन ब्रश वापरात मुरलेले असावेत. परीक्षेसाठी नवा ब्रश किंवा नव्या कंपनीचा रंग कधीही नेऊ नये. कोणते माध्यम चालते ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचावे. फलक न्यायचा असेल आणि केंद्र मुंबईत असेल, तर सकाळी ठाण्याहून जलद गाडीच्या दारात तो सांभाळण्याचा प्रयत्न करू नये. एक गाडी आधीची, शक्यतो ठाण्याहूनच सुटणारी धीमी, पकडावी. बाटल्यांच्या झाकणांखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून त्या घट्ट बंद कराव्यात, पाण्याचे भांडे रुंद तोंडाचे घ्यावे, आणि प्रवेशपत्र रंगांच्या पिशवीत नव्हे तर वेगळ्या कप्प्यात ठेवावे.