गाडी घासली, तडजोड झाली, तरी पोलीस ठाण्यात जा

बावीस वर्षं बेळगावहून गोव्याला भाजीचा टेंपो मारतोय. स्वतःच्या चार-पाच आणि गल्लीतल्या पोरांच्या कितीतरी धडका ठाण्यात जाऊन निस्तरल्यात. त्यामुळे "दोन हजार टेकव आणि निघ" असं कुणी शिकवलं की डोकं फिरतं.

गाडी बाजूला लावा, फोटो काढा. समोरच्यानं मागितलं तर आपलं आणि गाडीमालकाचं नाव-पत्ता द्या. त्यानंही त्याचं द्यायचं असतं. गुरं, शेळी, मेंढी, गाढव, घोडा यांना लागलं तरी हेच. कायद्याच्या यादीत हत्ती नि उंटही आहेत, कुत्रं मात्र नाही.

माणसाला लागलं असेल तर आधी दवाखाना. १०८ ला वेळ लागत असेल तर आपल्याच गाडीतून न्या. जमाव अंगावर आला म्हणून नेता आलं नाही, तर कायदा समजून घेतो. पण ती सूट दवाखान्यापुरती, पोलिसांना कळवण्यातून नाही.

आता खरी गोम. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ म्हणतं, माणूस जखमी झाला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि जाग्यावर पोलीस नसला, तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत कळवायचं. म्हणजे नुसता आरसा फुटला तरी. नाही कळवलं तर कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

देसूरजवळ एका मोटरसायकलवाल्याला माझा धक्का लागला. गुडघा खरचटला होता. पैसे दिले, चहा पाजला, हात मिळवून निघालो. चौथ्या दिवशी ठाण्यातून बोलावणं: टेंपोवाला धडक देऊन पळाला म्हणे! माझ्याकडे चहाचा साक्षीदारसुद्धा नव्हता. घाबरून पुढ्यात आलेल्या कानडी कागदावर सही ठोकली. नंतर मित्रानं वाचून दाखवला, तेव्हा कळलं की चूक माझीच असं मीच लिहून दिलं होतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलीय. तडजोड झाली तरी त्याच दिवशी अर्ज द्यायचा. कुठे, कधी, काय झालं एवढंच लिहायचं. चूक कुणाची ते लिहायचं नाही. अर्ज मी कानडी येणाऱ्या मित्राकडून लिहून घेतो. भाषेचा वाद घालायला दुसरे दिवस आहेत. दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर तारीख-वेळेसह सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय बाकावरून उठायचं नाही. "आपसात मिटलंय न्हवं, मग कशाला?" असं ते विचारतातच. "मिटलंय तेच लिहून घ्या साहेब," म्हणायचं.

तोंडी खबर दिली तर ती लिहून, वाचून दाखवून मग सही घ्यायची, असा नियम आहे. म्हणून सरळ कानडीत म्हणा, "ओदि हेळ्री", म्हणजे वाचून सांगा. 'अतिवेग' आणि 'निर्लक्ष्यतन' हे शब्द मराठी कानालाही कळतात. ते ऐकू आले की पेन खाली ठेवा. आणि तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर तर सही द्यायचीच नसते, हे पुष्कळांना ठाऊकच नाही.

शिनोळी-बाचीच्या बाजूला हद्दीचा घोळ होतो. गाडीची नंबरपाटी बेळगावची केए २२ आहे की कोल्हापूरची एमएच ०९, यावर काही ठरत नाही. जवळचं ठाणं गाठा. दखलपात्र गुन्ह्याची खबर "आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची खबर, त्यासाठीच आहे.

विमा कंपनीला कळवणंही कलम १३४ मध्येच आहे, आणि तेही लेखी: पॉलिसीचा नंबर व मुदत, तारीख, वेळ, जागा, कुणाला लागलं, चालकाचं नाव आणि लायसनचा तपशील. हे पैसे द्यायच्या आधी करा. कंपनीला न विचारता चूक कबूल करायची नाही, भरपाईचा शब्द द्यायचा नाही, अशी अट पॉलिसीत बहुधा असतेच. पोच घेतलेल्या अर्जाची झेरॉक्स त्या पत्राला जोडा, मूळ प्रत गाडीच्या कागदांत ठेवा.