भिंतीला आधी हात लावून पाहा: शाळेतील चित्रकारांसाठी

नववी-दहावीत चित्रकलेकडे गांभीर्याने पाहू लागलेल्या मुलामुलींसमोर एकाच वर्षात बरेच काही येऊन ठेपते: शासकीय रेखाकला परीक्षा, शाळेचे वार्षिक प्रदर्शन, चार-दोन स्पर्धा, आणि हल्ली जवळजवळ प्रत्येक गावात निघणारा भिंती रंगवण्याचा उपक्रम. मी या साऱ्यांतून गेले आहे आणि आता उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. यांपैकी पहिल्या तिन्हींसाठी मार्गदर्शन सहज मिळते. भिंतीबद्दल मात्र कोणी काही सांगत नाही, कारण भिंत रंगवणे हे सगळ्यांना हौसेचे काम वाटते. त्यामुळे या लेखात भिंतीला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

परीक्षेविषयी थोडेच सांगते. शासकीय रेखाकला परीक्षांपैकी इंटरमीजिएटच्या श्रेणीनुसार दहावीच्या निकालात अ श्रेणीला 7, ब श्रेणीला 5 आणि क श्रेणीला 3 वाढीव गुण मिळतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. या गुणांसाठी अनेक ठिकाणी स्मरणचित्राचे, म्हणजे समोर न पाहता आठवणीतून काढायच्या चित्राचे, बाजार, रंगपंचमी, बसथांबा असे ठरावीक विषय तयार आकृत्यांसह पाठ करून घेतले जातात. हा मार्ग मला मुळीच मान्य नाही. पाठ केलेल्या आकृतीने श्रेणी कदाचित मिळेल, पण पुढे कला महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत पुन्हा स्मरणचित्रच काढायचे असते आणि तेथे विषय थोडा वळवून विचारला की पाठांतर उघडे पडते. आठवडी बाजारात वही घेऊन बसा. भाजीवाल्या मावशी तराजू उचलताना खांदा कसा वाकवतात, हे तुम्हाला कोणताही तयार नमुना दाखवणार नाही. मार्गदर्शक निवडतानाही एकच कसोटी लावा: जे सर किंवा मॅडम तुमच्या कागदावर स्वतःचा ब्रश फिरवत नाहीत, चूक वेगळ्या कागदावर काढून दाखवतात, त्यांच्याकडे शिका.

स्पर्धेत पाठवलेले चित्र बहुतेक वेळा परत मिळत नाही, म्हणून ते देण्यापूर्वी सावलीतल्या उजेडात, कॅमेरा चित्राच्या बरोबर समोर धरून त्याचे छायाचित्र काढून ठेवा. दिल्लीची शंकर्स आंतरराष्ट्रीय बालचित्रकला स्पर्धा 1949 पासून चालू आहे आणि तिला वयाची मर्यादा आहे, तेव्हा अशा स्पर्धेत भाग घ्यायचा असेल तर दहावी संपण्याची वाट पाहू नका. प्रवेशशुल्क घेऊन प्रत्येकाला पदक वाटणाऱ्या स्पर्धांवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या पैशांत उत्तम कागद येतो. प्रदर्शनासाठी चित्रांचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर ठेवा आणि प्रत्येक चित्राखाली शीर्षक, माध्यम, आकार व वर्ष लिहा. मुंबईला जाणे झाले तर 1952 साली सुरू झालेल्या जहांगीर कलादालनात चित्रांबरोबर ती कशी टांगली आहेत, हेही पाहून या. तेथे प्रवेशासाठी पैसे लागत नाहीत.

आता भिंत. आमच्या शाळेच्या कुंपणभिंतीवर आम्ही मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत काढलेले मोठे चित्र पुढच्या पावसाळ्यात पोपड्यांसह खाली आले. रेखाटन चांगले होते, रंगही चांगल्या प्रतीचे होते, पण खाली वर्षानुवर्षांचा चुना होता आणि भिंत ओल धरणारी होती. रंग भिंतीला चिकटलाच नव्हता, तो चुन्याच्या भुकटीला चिकटला होता, आणि ती भुकटी सुटली तेव्हा चित्रही तिच्याबरोबर गेले. इतक्या मुलांचे कष्ट असे गळून पडलेले पाहणे फार जड गेले, आणि म्हणूनच पुढचा भाग नीट वाचा, अशी कळकळीची विनंती आहे.

कोणतीही भिंत स्वीकारण्यापूर्वी तिच्यावर कोरडा तळहात जोरात घासा. हात पांढरा झाला तर वर चुना किंवा स्वस्त डिस्टेंपर आहे आणि ते तारेच्या ब्रशने व पत्र्याने पूर्ण खरवडून काढल्याशिवाय पुढे जायचे नाही. त्यानंतर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर पापुद्रे आले तर खरवडणे अजून अपुरे आहे. ओल ओळखण्यासाठी फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी पट्टीने भिंतीवर बंद करून एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर भिंतीत पाणी आहे. भिंतीवर मिठासारखा पांढरा थर, म्हणजे लोणा, दिसत असेल तर ही चाचणी करण्याचीही गरज नाही. पाणी कुठून येते ते शोधा: बहुधा ते जमिनीतून वर चढते, किंवा कुंपणभिंतीच्या उघड्या माथ्यावरून आत मुरते, किंवा फुटक्या पन्हळीतून उतरते. माथा सिमेंटने बंद करणे किंवा पन्हळ दुरुस्त करणे शक्य असेल तर आधी ते करून घ्या. जमिनीतून येणारी ओल तुमच्याने थांबणार नाही. अशा वेळी खालचे दोन-तीन फूट साधा रंग देऊन सोडा आणि चित्र त्याच्या वर घ्या, किंवा सरळ दुसरी भिंत मागा. दुसरी भिंत मागण्यात कोणताही कमीपणा नाही.

नवीन प्लास्टर पाहून आनंदी होऊ नका. ताजे सिमेंट क्षारयुक्त असते, त्यामुळे रंग फिकट होतात आणि खालून क्षार वर येतात. किमान 28 दिवस तरी थांबावेच लागते, आणि पावसाळी हवेत त्याहून पुष्कळ जास्त. काही जण तैलरंग देण्याचा सल्ला देतील, कारण तो पक्का दिसतो. ओल धरणाऱ्या भिंतीवर तो देऊ नका; आतली वाफ अडते आणि रंगाचे मोठे पापुद्रे सुटतात. पोस्टर रंग तर पहिल्याच सरीत वाहून जातो. बाहेरच्या भिंतीसाठीचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, त्यावर बाहेरच्याच प्रतीचे पांढरे इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग, आणि त्यात स्टेनर, म्हणजे छटा देणारा दाट रंग, मिसळून केलेल्या छटा, हा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ मार्ग आहे. गडद छटेच्या मोहापायी स्टेनर जास्त ओतले तर रंग नीट वाळत नाही, म्हणून गडद रंग तयारच विकत घ्या. चमकदार लाल आणि गुलाबी उन्हात लवकर उडतात, गेरू आणि पिवळ्या मातीचे रंग टिकतात. पश्चिमेकडच्या भिंतीसाठी हे ध्यानात ठेवूनच रंगसंगती ठरवा. खरवडताना नाक-तोंड झाकून डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण चुना डोळ्यात जाणे धोक्याचे आहे. परांचीवर शाळकरी मुलांनी चढू नये. हातभर उंचीच्या स्टुलावरून पोहोचेल तेवढीच उंची घ्यावी.

इतके वाचून घाबरू नका. ही सारी तयारी आठ-दहा जणांनी मिळून केली तर सुसह्य होते, आणि खरवडताना मुलांची जी मैत्री होते ती रंगवतानाही होत नाही. ऑक्टोबरनंतर कोरडी हवा असते, तेव्हाच काम काढा.

विषयाबाबत एक आग्रह आहे. गावोगावच्या भिंतींवर वारली आकृत्या सरसकट उतरवल्या जातात. वारली ही गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जाणारी, लग्नाच्या चौकाशी, म्हणजे लग्नात भिंतीवर काढल्या जाणाऱ्या चौकोनी चित्राशी, जोडलेली चित्रपरंपरा आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगभर पोहोचवली आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती काढायची असेल तर आधी शिकून घ्या, शक्य असेल तर त्या समाजातील कलाकाराला मानधन देऊन शाळेत बोलवा. सिंधुदुर्गातील मुलांना पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची लोककला, जवळ आहे. इतरांनी आपल्या गावातील ओढा, पार, विहीर, कारखान्याची चिमणी पाहावी. भिंतीसमोर राहणाऱ्या लोकांना कच्चे रेखाटन आधी दाखवा. रोज ते चित्र त्यांना पाहायचे आहे, आणि त्यांच्याकडून आलेल्या सूचना बऱ्याचदा उपयोगी निघतात.

भिंतीच्या मालकाची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लेखीच घ्या. त्या पत्रात चित्र किमान किती काळ पुसले जाणार नाही, त्यावर जाहिरात लावली जाणार नाही आणि दुरुस्तीचा खर्च कोण करील, हे लिहून घ्या. पत्राची एक प्रत शाळेच्या कार्यालयात राहू द्या, आणि उरलेल्या प्रत्येक छटेचा रंग झाकणबंद डब्यात, वर छटेचे नाव व मिसळीचे प्रमाण लिहून ठेवा, म्हणजे पावसाळ्यानंतर डागडुजी करणाऱ्या पुढच्या तुकडीला नव्याने रंग जुळवावे लागणार नाहीत.