कीबोर्डवर अक्षरं उमटेनात? नवा आणण्याआधी हे तपासा

कीबोर्ड चालेना झाला की आपल्याकडे तो उलटा करून टेबलावर आपटतात, आणि तरी चालला नाही की नवा आणायला निघतात. दोन्हींत घाई आहे. बिघाड कीबोर्डात आहे की विंडोजमध्ये, हे घरबसल्या ठरवता येतं. त्याला ना स्क्रूड्रायव्हर लागतो ना पैसे.

सुरुवात कॅप्स लॉकपासून करा. ते बटण दाबा आणि त्याच्या दिव्याकडे बघा. हा दिवा कीबोर्ड आपल्या मनाने लावत नाही. बटण दाबल्याचा निरोप कॉम्प्युटरकडे जातो आणि दिवा लावायचा की विझवायचा हे कॉम्प्युटर कळवतो. म्हणजे दिवा लागत-विझत असेल तर वायर, पोर्ट सगळं शाबूत आहे आणि दोष बहुतेक सेटिंगमध्ये किंवा एखाद्या बटणात आहे. दिवा ढिम्म असेल आणि माउसचा बाणही हलत नसेल, तर कीबोर्डाला दोष देऊ नका, मशीनच हँग झालंय. बाण हलतोय पण दिवा लागत नाही, तर वायरकडे वळा. काही वायरलेस कीबोर्डांना हा दिवा नसतोच, तिथे आधी सेल बदला.

वायर काढून दुसऱ्या यूएसबी पोर्टात घाला. शक्यतो सीपीयूच्या मागच्या बाजूच्या, मध्ये हब (एका पोर्टाचे अनेक करणारी डबी) न ठेवता. जुन्या मशीनला गोल जांभळी पिन असेल तर मात्र कॉम्प्युटर बंद करूनच ती काढा-घाला. चालू मशीनला लावली तर कीबोर्ड सहसा ओळखला जात नाही आणि लोक तो मेला असं समजतात. पिनेतली एखादी काडी वाकली नाही ना, तेही उजेडात बघा. जमलं तर तोच कीबोर्ड शेजारच्या मशीनला लावा. तिथे चालला, तर निकाल लागला: दोष कीबोर्डात नाही, तुमच्या मशीनमध्ये आहे.

नंतर रीस्टार्ट. इथे ‘शट डाउन’ करून परत चालू करणं पुरेसं नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर आतला बराच भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो, बिघाडासकट. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं नव्याने सुरू करतं. तरीही नाही चाललं तर माउसने स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, कीबोर्डच्या यादीतल्या नावावर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा आणि पुन्हा रीस्टार्ट. ड्रायव्हर, म्हणजे कीबोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर, आपोआप परत बसतो.

आता सेटिंग. सगळ्यात फसवी म्हणजे फिल्टर कीज, ओझरतं दाबलेलं बटण सोडून देणारी विंडोजची सोय. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की एक खिडकी उघडते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे आटोपल्यावर पट्ट्या (सौद्याच्या हिशेबाच्या पावत्या) करायला बसलेला माणूस आकडा आठवत शिफ्टवर बोट ठेवून बसतो, खिडकी येते, तो न वाचताच ‘येस’ करतो. झालं! त्यानंतर भराभर दाबलेलं एकही अक्षर उमटत नाही. बटण जरा वेळ दाबून धरलं तर मात्र उमटतं, हीच ओळखायची खूण. उजवं शिफ्ट पुन्हा आठ सेकंद धरा, किंवा सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, कीबोर्ड इथे जाऊन फिल्टर कीज आणि स्टिकी कीज (शिफ्टसारखी बटणं धरून न ठेवता चालवायची सोय) दोन्ही बंद करा.

काही छोट्या लॅपटॉपवर जे, के, एल दाबल्यावर 1, 2, 3 उमटतात आणि यू, आय, ओच्या जागी 4, 5, 6. तो नम लॉक आहे. एकटं किंवा एफएन बटणासोबत नम लॉक दाबा.

भाषेचा घोटाळा तर मराठी टायपिंग शिकणाऱ्या पोरांच्या घरात नेहमीचा. इन्स्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांची मांडणी, चालू राहिलं की के दाबल्यावर ‘क’, एल दाबल्यावर ‘त’ येतो. पासवर्डच्या रकान्यात नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे पत्ताच लागत नाही आणि पासवर्ड चुकतोय म्हणून माणूस डोकं धरून बसतो. विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजीवर या.

एवढं करूनही अडलं तर नोटपॅड उघडून ए ते झेड सगळी बटणं एकेक करून दाबा आणि न उमटणारी कागदावर लिहा. ही यादी फार बोलकी असते. साध्या कीबोर्डात प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे असतात, त्यांवर विजेच्या रेघा छापलेल्या असतात आणि एकेका रेघेवर अनेक बटणं असतात. म्हणून चार-पाच अक्षरं एकदम गेली असतील तर बहुधा रेघ तुटलीय किंवा ओल जाऊन गंजलीय. असा कीबोर्ड उघडत बसू नका. साधा कीबोर्ड काही शे रुपयांत मिळतो, त्याच्यावर दुरुस्तीची मजुरी कशाला घालवायची?

एकच अक्षर गेलं असेल तर ती बहुधा बटणाखालची घाण. यार्डातल्या पेढ्यांवर ती पिवळी असते, बाकी ठिकाणी बिस्किटाचा चुरा. वायर काढा, फोटो घेऊन ठेवा (नंतर बटणांची जागा आठवत नाही), मग बटणाची टोपी हलकेच वर उचला. ब्रशने झाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलावलेल्या कापसाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. थिनर किंवा पेट्रोल अजिबात नको, प्लॅस्टिक विरघळतं. स्पेस, एंटर, शिफ्टला खालून तारेची कडी असते, ती परत बसवताना नाकी नऊ येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. लॅपटॉपच्या टोप्यांनाही हात लावू नका, त्यांचे नाजूक खाचे मोडतात.

चहा सांडला तर पाण्यापेक्षा वाईट, कारण साखर आत चिकटून बसते. वायर ताबडतोब उपटा, कीबोर्ड पालथा ठेवा, दोन दिवस तरी लावू नका. लॅपटॉपवर सांडला तर पॉवरचं बटण दाबून धरून तो बंद करा, चार्जर काढा आणि थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या, कारण त्या बटणांखाली मदरबोर्ड असतो. चालू करून बघायचा मोह आवरा. शॉर्ट होतं ते त्या वेळी.

लॅपटॉपची बटणं मधोमध वर आल्यासारखी वाटत असतील, टचपॅडही दबत नसेल, तर आत बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. तो चार्जिंगला लावू नका आणि दाबून सपाटही करू नका. दुकानात देताना बॅटरीचा संशय आधी सांगा, आणि मॉडेल नंबर दाखवून विचारून घ्या की नुसता कीबोर्ड सुटा मिळतो की वरचा सगळा पॅनेल बदलावा लागतो. पॅनेल असेल तर खर्च चांगलाच वाढतो. रक्कम ऐकून मग ठरवा, बॅटरी फुगलेली नसेल तर तोवर यूएसबीचा बाहेरचा कीबोर्ड लावून काम चालतं.